राशीची पाटी

वैशाख लागला की मला राग येऊ लागतो. आमच्या घरात याला पित्त म्हणतात. मी ओसरीवर मोठ्याने बोलू लागलो की कुटुंब काही न विचारता आतून कोकमाचं पाणी पाठवून देतं आणि पुतणेमंडळी एकमेकांना डोळ्यांनी खुणावतात, की अण्णांचं मिठाचं पित्त उठलं. मी कोकमाचं पाणी पितो. ते चांगलं असतं. पण राग काही जात नाही.

तसा मी रागीट माणूस नव्हे. बाकीचे अकरा महिने मी गोष्टी सांगणारा काका आहे. जेवणं झाली की पोरं भोवती जमतात, मी पोटावर हात फिरवत भुतं, वाघ आणि विहिरीत पडलेले सावकार त्यांच्यापुढे हजर करतो. माझ्या देहाने आजवर जी काही ओझी वाहिली ती सगळी आतून वाहिली, म्हणजे जेवून. अशा माणसाने अंगमेहनतीवर लिहायला बसावं हे आमच्या मांजराला विचारलं तरी पटणार नाही. तरी लिहितो. कारण या वर्षी मी एका पाहुण्याला घालवून दिलं, आणि त्याची माफी मागायची की नाही हे अजून ठरत नाही.

झालं असं. लोणच्याचं मीठ आणायला मी कल्याणच्या बंदरावर निघालो. मेहुणा आंबे खायला आलेला होता, तोही बरोबर आला. बंदरावर मिठाचे मचवे लागले होते. मिठाला वास नसतो असं म्हणणाऱ्यांनी वैशाखातल्या दुपारी भरल्या मचव्याशेजारी उभं राहावं. चिखलाचा, शेवाळाचा, तापलेल्या फळ्यांचा आणि त्या सगळ्याखाली काहीतरी कोरडं, नाकाच्या मुळाशी टोचणारं. मी डोळे मिटून तो वास घेत होतो. मचव्यापासून काठापर्यंत एक अरुंद फळी टाकलेली, तिच्यावरून बाया डोक्यावर पाट्या घेऊन उतरत होत्या. फळी मध्ये वाकायची, त्यांची पावलं तिच्या वाकण्याच्या तालाने पडायची.

"बघा अण्णा," मेहुणा म्हणाला, "कशा झपाझप चालतात! आपल्याला रिकाम्या हातांनी त्या फळीवरून जाववणार नाही. सवय असते हो त्यांच्या अंगाला."

मी डोळे उघडले. पुढे मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही, पण बंदरावरचा हमालसुद्धा पोतं टेकवून ऐकत उभा राहिला, म्हणजे बरंच बोललो असणार. आठ दिवस राहायला आलेला मेहुणा तिसऱ्या दिवशी गेला. आंबे घेऊन गेला.

त्याचा खरोखर दोष नाही. ‘सवय’ हा शब्द त्याने माझ्याकडूनच घेतल्यासारखा मला ऐकू आला. मी तो पहिल्यांदा उच्चारला तेव्हा विशीत होतो, अंगाने काडी आणि डोक्याने त्याहून हलका.

ठाण्याला आगगाडी येऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. खाडीपलीकडच्या खाजणात एक मिठागर होतं, तिथे मला लिहिण्याच्या कामावर चिकटवलं गेलं. चिकटवलं हाच शब्द बरोबर. मी तिथे होतो एवढंच, माझ्यावाचून काही अडत नव्हतं. मालक मुंबईत असत. आगरावर त्यांचे दिवाणजी. माणूस सभ्य, आवाज कधी चढवायचा नाही, छत्रीशिवाय झोपडीबाहेर पाऊल टाकायचा नाही, इंग्रजी मासिकं वाचायचा. आणि काम करायला आजूबाजूच्या गावांतले आगरी, पिढ्यान् पिढ्या खाडीचं पाणी अडवून त्याचं मीठ करणारे. पुरुष कोंड्यांतून, म्हणजे खारं पाणी अडवलेल्या वाफ्यांतून, मीठ ओढून बांधावर काढायचे. बाया ते पाट्यांत भरून, डोक्यावर घेऊन, उंचवट्यावरच्या राशीवर नेऊन ओतायच्या. कोंड्यांमधले बांध एका पावलाएवढे रुंद. समोरून कोणी आलं तर एकाने पाण्यात उतरायचं. म्हणून सगळ्या एका रांगेत जायच्या आणि एका रांगेत यायच्या.

रांगेच्या पुढे बारकी. नावाने बारकी; उंचीला दिवाणजींच्या वर चार बोटं. वय पस्तिशीच्या आसपास, दोन मुलगे मीठ ओढण्याच्या कामावर होते. ती पुढे असली की रांग तिच्या पावलाने चालायची, ती थांबली की थांबायची. मला ती पहिल्या दिवसापासून "दादूस" म्हणू लागली आणि अरेतुरे करू लागली. मी कारकून असल्यामुळे मला त्याचा राग आला. दोन दिवस टिकला.

एकदा मला खुमखुमी आली. म्हटलं, अर्धी पाटी माझ्याही डोक्यावर द्या.

"येवरी नको भरू ग ठके," बारकी तिच्या मागच्या पोरसवदा बाईला म्हणाली. "दादूसची मान पोटान जाल."

ठकीने ओंजळभर मीठ कमी केलं, माझं पागोटं स्वतःच्या डोक्यावर ठेवलं आणि कापडाची चुंबळ वळून माझ्या डोक्यावर बसवली. दोघींनी हात लावला आणि पाटी चढली.

त्या क्षणाबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे, जिलबीखालोखाल म्हणाना. ओझं डोक्यावर येतं तेव्हा पहिल्याने ते डोक्याला कळतच नाही. कळतं ते टाचेला. मग गुडघ्यांना, जणू कोणी मागून हळूच मुठी मारल्या. पोट आपोआप आत ओढलं जातं आणि घट्ट होतं. श्वास छातीत राहत नाही, गळ्याशी येऊन उभा राहतो. आणि बोलणं जातं. विनोद, नाव, गाव, सगळं जातं. उरतो एक खांब, आणि त्या खांबाला एकच काळजी, आपण पडू नये.

"जमनीकरं नको बगूस," बारकी मागून सांगत होती. "जमीन कुठं पलत नाय. फुडं बग."

मी बारा पावलं गेलो. पाटी उतरवली तेव्हा माझे पाय जमिनीवरून सुटले. खरंच सांगतो, तेराव्या पावलाला मी हवेत उचलला गेलो, इतकं शरीर वर धावलं. बाया हसून हसून खाली बसल्या. संध्याकाळी मला पाण्याचा तांब्या तोंडाला लावता येईना. हातामुळे नव्हे, मानेला मागे कलायचं कसं हे आठवेना.

नंतर मी त्यांच्याकडे बघायला शिकलो. भरल्या पाटीखाली त्यांची पावलं लांब पडत नसत, आखूड आणि सपाट पडत. कंबर हलायची पण खांद्यांपासून वर काहीही हलायचं नाही, जणू वरची बाई पाण्यावरून वाहत चालली आहे. तशा बोलायच्या त्या फक्त परतताना. जाताना कुजबूजसुद्धा नाही, येताना कोलाहल: सासवांच्या नकला, कोणाच्या कोंबडीने कोणाच्या घरात अंडं घातलं, माझ्या पागोट्याची चेष्टा. मला आधी वाटायचं की या बाया अर्ध्या गोष्टी माझ्यापासून लपवतात. लपवत नव्हत्या. अर्धा वेळ त्यांच्याकडे श्वासच नसायचा.

पहिलं मीठ निघालं की त्या आगरावर एक सण व्हायचा. राशीची पाटी. एरवीच्या पाटीच्या जवळजवळ दुप्पट मोठी अशी एक जुनी पाटी मुकादमाच्या घरी आढ्याला टांगलेली असायची. ती त्या दिवशी खाली काढायची, हळदकुंकू लावायची, गच्च भरायची, आणि हिंमत असेल त्याने ती डोक्यावर घेऊन राशीभोवती एक फेरी मारायची. एकच. ढोल वाजायचा. चौघांनी हात लावल्याशिवाय ती चढायची नाही आणि चौघांशिवाय उतरायची नाही. फेरी पुरी झाली की राशीवर नारळ फोडायचा, पाटी रिकामी करायची आणि पुन्हा वर्षभर आढ्याला. ज्याने ती वाहिली त्याने दुसऱ्या दिवशी काम करायचं नाही, हा नियम. दिवसभर झोपायचं, आणि बाकीच्यांनी त्याला आयती पेज आणून द्यायची.

माझ्या पहिल्या हंगामात ती पाटी बारकीने घेतली. पुरुषांपैकी दोघे अर्ध्यातून उतरले होते. बारकीने एक हात काठाला, दुसरा कमरेवर ठेवला आणि फेरी पुरी केली. शेवटच्या वळणावर ती चक्क हसली. ढोलवाल्याने ताल चुकवला.

दिवाणजी छत्रीखाली उभे राहून बघत होते. त्यांनी मला विचारलं, "ही बाई एवढं उचलू शकते?"

आणि मी म्हणालो, "सहज."

का म्हणालो? मला वाटतं मला अभिमान वाटला, जसा आपल्या गावचा पैलवान जिंकला की वाटतो. जणू त्या पाटीतलं थोडं मीठ माझ्याही डोक्यावर होतं. शिवाय दिवाणजींनी मला आजवर काही विचारलंच नव्हतं. कोणी पहिल्यांदाच आपलं मत विचारलं की मनुष्य ते मोठ्या पाटीत घालून देतो.

दुसऱ्या दिवशी बारकी घरी झोपून होती. तो नियम मी दिवाणजींना सांगायला हवा होता. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांनी मासिक बाजूला ठेवून एवढंच सांगितलं की मुकादमाकडची ती मोठी पाटी नमुना म्हणून घ्या, कल्याणला बुरुडाकडे जा, आणि सगळ्यांसाठी तशा पाट्या करून आणा. "शरीराचं असं आहे," ते म्हणाले, "त्याला जेवढं द्यावं तेवढं ते पेलतं. आपणच त्यांना कमी देऊन आळशी करतो."

हे वाक्य त्यांनी इतक्या शांतपणे म्हटलं की मला ते शहाणपणाचं वाटलं. आज पंचवीस वर्षांनी ते लिहिताना माझ्या बोरूचं टोक मोडलं.

कल्याणच्या बुरुडाने पाटी उलटीसुलटी करून पाहिली. तिच्या तळाला जुनी हळद अडकलेली त्याला दिसली.

"ही तर सणाची दिसते," तो म्हणाला. "रोजाला ही कोण वापरणार?"

"आगरावरच्या बाया."

"रोज?"

"सवय असते त्यांना," मी म्हणालो.

त्याने पाटी बाजूला ठेवली. बांबू चिरत राहिला. कारागिराने गप्प बसावं असं आपण बोललो हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, माझं म्हणणं त्याला पटलं.

मी एका लग्नात पैजेने जिलब्या खाल्ल्याची गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. माझ्या बाजूचे दोन पाहुणे उठून उभे राहून बघत होते, वाढपी दमले. त्यानंतर तीन दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो हा भाग मी सांगताना गाळतो. आता समजा, त्या मांडवात एखादा दिवाणजी असता, आणि त्याने ठरवलं असतं की हा मुलगा एवढं सहज खातो, तर उद्यापासून याच्या पानात रोज दोन्ही वेळा एवढंच वाढा, आणि संपेपर्यंत उठू देऊ नका! लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पोटाला सणाची भूक वेगळी आणि रोजची वेगळी हे शेंबड्या पोराला कळतं. मग मानेची सणाची ताकद वेगळी आणि रोजची वेगळी, हे मासिकं वाचणाऱ्याला का कळू नये? कळत होतं, असंच मला आता वाटतं. कळणं गैरसोयीचं होतं.

शरीर फसवं असतं. आपल्याला नव्हे, मालकाला हवं तसं फसवं. नवी पाटी डोक्यावर आली तेव्हा पहिल्या दिवशी कोणी पडलं नाही. शरीराने कुठूनतरी, हाडांच्या आतल्या कोनाड्यांतून काढून दिलं. दुसऱ्या दिवशीही दिलं. दिवाणजी छत्री फिरवत म्हणाले, "बघा!" आणि मीही बघितलं. पण मला दिसायला हवं होतं ते दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. परततानाची बडबड बंद झाली होती. रिकाम्या पाट्या घेऊन बाया मुक्याने येत. सासवांच्या नकला संपल्या. कोंबड्या कोणाच्याही घरात अंडी घालोत. संध्याकाळी घरी निघताना ठकी बांध उतरायला बसून उतरायची, म्हातारीसारखी, एक हात जमिनीला टेकून. कोणाच्या डोक्यावर मधोमध केस गेले, कोणाच्या टाचा उभ्या चिरल्या आणि त्या चिरांत मीठ जाऊन बसलं. एकदोघी पेज प्यायल्या की लगेच ओकायच्या.

बारकीने चुंबळ जाड केली. मग आणखी जाड. एका दुपारी ती सावलीला भाकरी खात होती, डाव्या हाताने. मला नवल वाटलं.

"उजवा?"

"त्याला मुंग्या येतान," ती म्हणाली. मग तिने उजवा हात माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "चिमटा घे."

मी हळूच घेतला.

"घे ना."

"घेतला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा, नख लावून घेतला. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"मानेतना काय तरी खाली उतरतंय," ती म्हणाली. "उतरू दे. पन हात गेला तं मी पाटी कशी धरू, आन् पाटी सुटली तं आमाला कामावर कोन ठेवील? दादूस, तूच बोललास ना दिवानजीला, बारकी सहज उचलतं? आथा जाऊन सांग, नाय उचलत. येवराच सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

मी गेलो. दिवाणजींच्या झोपडीच्या दारात उभा राहिलो. ते वाचत होते. त्यांनी मान वर करून "काय?" असं विचारलं.

मी म्हणालो, "शाई संपली आहे."

त्यांनी मला शाई दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आणि पुन्हा शाईच मागितली. त्या हंगामात ठाणे तालुक्यात माझ्याइतकी शाई कोणाकडे नव्हती. बारकी दर दुपारी माझ्याकडे एकदा बघायची, आणि मी कशात तरी डोकं खुपसायचो. चौथ्या दिवशी तिने बघायचं सोडलं.

इथे आमचं कुटुंब म्हणतं की तुम्ही पोर होता, नोकरी नवी होती. हे बोलताना ती विहिरीवरून आलेली असते, डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि ती दोन्ही उतरवायच्या आधी माझं समाधान करत असते. गेल्या वर्षी हे माझ्या ध्यानात आलं. वीस वर्षं मी तिला रोज तशीच उभी पाहिली होती. मी मोठ्या आवेशाने म्हणालो, उद्यापासून पाणी मी आणीन. तीन दिवस आणलं. चौथ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर व्हायला पुतण्यांची मदत लागली. तिने हंडा उचलला. दारातून जाताना म्हणाली, "राहू दे, मला सवय आहे." आपल्याच घरात, आपल्याच माणसाच्या तोंडून! बाहेरचे म्हणतात तेव्हा मी भांडतो. वाहणारीच म्हणते तेव्हा कोणाशी भांडू? हा शब्द आम्ही इतक्या वर्षांपासून त्यांच्या डोक्यावर ठेवला आहे की आता त्यांना तो स्वतःचाच वाटतो.

अवसेचं उधाण जवळ आलं. मोठं पाणी येणार, खालच्या कोंड्यांचे बांध धरतील की नाही सांगता येत नव्हतं, आणि तिथे बांधावर काढलेलं पुष्कळ मीठ राशीवर जायचं होतं. दिवाणजी सकाळीच बांधावर येऊन उभे राहिले. पाट्या भरून झाल्या. बाया चुंबळी डोक्यावर ठेवून आपापल्या पाटीशेजारी उभ्या राहिल्या. आणि उभ्याच राहिल्या.

"चला," दिवाणजी म्हणाले.

"तयार हाव, दिवानजी," बारकी म्हणाली. "हात लावा कुनीतरी."

आता हे समजून घेतलं पाहिजे की ती पाटी कोणाही बाईला स्वतःची स्वतः चढवता येत नाही. रोज त्या एकमेकींना हात लावत. शेवटचीला मीठ ओढणारे पुरुष लावत. त्याचं कधी कोणी नाव घेतलं नाही, त्या कामाला नावच नव्हतं. सगळं मिठागर त्याच्यावर चाललं होतं आणि आम्हाला दिसत नव्हतं.

"एकमेकींना लावा की!"

"आमचा काम वाहायचा, दिवानजी. आमी वाहाला उभ्या हाव. डोसकी हायत, चुंबली हायत. चरवून द्या, आमी चाललो."

पुरुषांकडे पाहिलं तर ते पार टोकाच्या कोंडीत कमरेत वाकले होते. इतक्या निष्ठेने मीठ ओढताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. रखवालदाराला हाक मारली तर त्याला नेमका त्याच घटकेला पलीकडच्या बांधावर चोर दिसला आणि तो तिकडे धावला.

राहिलो आम्ही दोघे. दिवाणजींनी छत्री मिटली. मला ती ठेवायला देऊन जागासुद्धा दाखवली, इतके ते शांत होते. "या," ते म्हणाले. एका बाजूने त्यांनी काठ धरला, दुसऱ्या बाजूने मी. बारकीची पाटी. आम्ही ती गुडघ्यांपर्यंत उचलली, मांड्यांवर टेकवली, मग पोटावर, मग कशीबशी छातीपर्यंत. ओल्या मिठाचं खारं पाणी बाहीतून कोपरापर्यंत आलं. बारकी जवळ आली, मान किंचित वाकवली. आणि सरळ झाली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "चुंबल सरकली."

तिने चुंबळ काढली, कापड झटकलं, पुन्हा वळायला घेतलं. डाव्या हाताने. एक वेढा. दुसरा वेढा. दिवाणजींच्या कपाळावर एक शीर वर आली. त्यांचे कान लाल झाले, मग जांभळे. माझे दंड थरथरत होते ते मला पाटीच्या काठातून त्यांच्याकडे जाताना जाणवत होतं, आणि त्यांचे माझ्याकडे येताना.

"लवकर," दिवाणजी म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. चढला नव्हता, श्वास नव्हता म्हणून फाटला होता.

"झाला, झाला. हां… नाय, परत सरकली."

कोणीही हसलं नाही. बाया नुसत्या बघत होत्या. एवढ्यात दिवाणजींच्या गळ्यातून एक बारीक आवाज आला आणि त्यांचा हात सुटला. पाटी माझ्या पायांवरून बांधावर कलंडली, अर्धं मीठ कोंडीत गेलं.

त्यांनी आपले तळवे उलटून पाहिले. बांबूच्या काठाच्या दोन लाल रेघा उमटल्या होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "जुन्या पाट्या आहेत ना?" पुढे कितीतरी वर्षांनी मी ठाण्यात त्यांचं व्याख्यान ऐकलं. विषय होता कामकऱ्यांशी ममतेने कसं वागावं. आपण आपल्या हातांनी ओझं उचलून अनुभव घेतला आणि पाट्या लहान केल्या, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या दिल्या. मी पुढच्याच ओळीत होतो. मीही दिल्या. घरी येऊन मी आमच्या ओसरीच्या खांबाला लाथ मारली आणि आठवडाभर लंगडलो.

जुन्या पाट्या झोपडीमागून काढल्या, झटकल्या, भरल्या. उधाणाला अजून अवकाश होता. आता हात आपोआप लागू लागले. पहिली पाटी बारकीची. ठकीने आणि तिने मिळून ती चढवली, वर्षानुवर्षं ती जशी चढवत आली होती तशी. बारकीने उजवा हात काठाला लावायला वर नेला, तो अर्ध्यात राहिला, तिने डावा लावला. ती निघाली. मागे रांग निघाली. मी त्या रांगेमागे, कशासाठी कोण जाणे, चालत होतो. बहुधा जिंकल्यासारखं वाटत होतं म्हणून.

पाचव्या का सहाव्या पावलाला बारकी थांबली. रांग थांबली.

"ठके," ती म्हणाली, "उतरव."

ठकी काही न समजून तशीच उभी राहिली. तिच्या स्वतःच्या डोक्यावर पाटी होती. मी पुढे जाऊ शकत नव्हतो, बांधावर सगळ्या उभ्या होत्या. बारकीची मान एका बाजूला जात होती, हळूहळू, वारं नसताना झाड वाकावं तशी. तिने गुडघे मोडले, बसली, आणि पाटी तिच्या खांद्यावरून घसरून पाण्यात गेली. ती पाटी, ती छोटी, रोजची पाटी! तिचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

मग तिने मागे पाहिलं, डोक्यांवर ओझी घेऊन उभी असलेली सगळी रांग पाहिली, आणि वाट द्यायला बांधावरून खाली कोंडीत उतरली, गुडघ्यांएवढ्या खाऱ्या पाण्यात.

"थांबल्यात कनाला?" ती म्हणाली. "चला. पानी येल."

ठकी पुढे झाली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. एकेकीची पावलं बारकीच्या कमरेच्या उंचीवरून, आखूड आणि सपाट पडत गेली. डोक्यावर ओझं असलं की मान वळवता येत नाही. म्हणून एकीनेही तिच्याकडे पाहिलं नाही. वळवता येण्यासारखी मान त्या बांधावर एकट्या माझी होती, आणि ती मी खाली घातली होती.